फुटाण्याचा मेंदू

नवतपा लागला त्याच दिवशी फुटाण्यानं हवा चावली.

हवा म्हणजे अगदी निव्वळ हवा. त्या जागी माशी नव्हती, डास नव्हता, साधं वाळकं पानसुद्धा उडत नव्हतं. दुपारची वेळ, त्यातून वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतला पहिला. नागपूरच्या बेसा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हॉलमध्ये कूलर घरघरत होता, जागेश्वर पराते तोंडावर पेपर घेऊन दिवाणावर पडले होते आणि सुभद्राबाई लोणच्याच्या फोडींना मीठ चोळत बसल्या होत्या. कूलरसमोरच्या ओलसर, गार फरशीवर पोट टेकून पडलेला फुटाणा एकाएकी ताडकन उठला. त्यानं पुढचा डावा पाय वर धरला, झटकला, तोंड वासून हवेचा कचकचून चावा घेतला, आणि मग मान तिरकी करून समोरच्या भिंतीकडे टक लावून उभा राहिला. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. कॅलेंडर होतं, पण ते दुसऱ्या भिंतीवर.

"अहो, पाह्यलं का?" सुभद्राबाईंचा मिठाचा हात तसाच हवेत राहिला.

"काय पाह्यचं?" पेपरखालून आवाज आला.

"फुटाण्यानं हवा चावली."

"चावू दे. हवेले काय इंजेक्शन घ्या लागते?"

फुटाण्याच्या बाबतीत जागेश्वररावांचं अधिकृत धोरण हे असं होतं. कुत्रं लेकीचं, दामिनीचं. पॉमेरियन म्हणून तिनं आणलं. मोठं झाल्यावर ते थोडं पॉमेरियन निघालं आणि बाकी काय निघालं ते कोणी विचारू नये. पुढे दामिनीला पुण्यात नोकरी लागली, ती गेली, कुत्रं राहिलं. तेव्हापासून "माझ्या डोक्याले नसता ताप" हे वाक्य जागेश्वरराव रोज एकदा तरी म्हणत. सकाळी फुटाण्याला फिरवून आणताना म्हणत, त्याच्या अंड्यातला पिवळा बलक बोटांनी कुस्करताना म्हणत, आणि त्याला उन्हाचा त्रास नको म्हणून स्वतःचा पंचा भिजवून त्याच्या अंगावर पांघरताना तर हटकून म्हणत.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी फुटाण्यानं पुन्हा पाय उचलला, पुन्हा हवा चावली आणि भिंतीकडे पाहून यावेळी बारीक कण्हला, तेव्हा पेपर बाजूला टाकून आधी दिवाणावरून कोण उतरलं हे सांगायची गरज नाही.

"काहून रे बाप्पा? काय झालं तुले?"

फुटाण्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग कूलरकडे पाहिलं. मग पाय चाटत तो स्वयंपाकघरात निघून गेला आणि त्यानं दूधभात खाल्ला नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसाची भूक मरते हे खरं, पण फुटाण्याची भूक मरणाऱ्यातली नव्हती. सुभद्राबाईंनी फोडींच्या बरणीचं झाकण लावलं आणि शेजारी निरोप धाडला.

पहिले आले ते शेजारचे बापूजी. बापूजींना सगळ्यातलं सगळं कळतं, त्यामुळे त्यांना बोलवावं लागत नाही. ते दाराशी आलेलेच असतात. दाराशी त्यांना थांबावं लागलं ते चपला घालण्यासाठी. नागपुरात सगळ्या घरांत चपला काढून आत जातात. परात्यांच्या घरी उन्हाळाभर चपला घालून आत जावं लागे. दाराशी रबरी सपातांची एक रांगच होती, आल्यागेल्यासाठी वेगवेगळ्या मापांची. कारण जागेश्वरराव वीज कंपनीतून निवृत्त झालेले होते, आणि 'कूलरजवळ अनवाणी जाणे नाही' हा त्यांनी घराला घालून दिलेला कायदा होता.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. जागेश्वररावांची अख्खी नोकरी गेली ती बिलांच्या तक्रारींच्या खिडकीमागे. विजेशी त्यांचा संबंध आला तो कागदावर, तोही रिडिंग चुकलं असेल तर. पण लेआउटमध्ये, म्हणजे त्यांच्या वसाहतीत, एकदा नाव झालं की झालं. कोणाचा पंखा अडला, कोणाचा मीटर पळाला, की लोक म्हणत, "पराते साहेबाले विचारा, ते लाइनीतलेच आहेत." जागेश्वरराव नाही म्हणत नसत. माणसानं लोकांचा विश्वास मोडू नये असं त्यांचं मत होतं.

तर बापूजी मापाच्या नसलेल्या सपाता फटफटवत आत आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि फुटाण्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाले, "हे बाहेरचं आहे गा, जागेश्वर."

"बाहेरचं म्हणजे?"

"कुत्र्याले दिसते. आपल्याले नाही दिसत. त्या भिंतीपाशी कोणी उभं आहे."

"बापूजी, ती भिंत मी बांधली. त्याच्या आधी इथं वावर होतं."

"मग वावरात कोणी गेलं असन."

"सातबाऱ्यावर तसं काही नव्हतं," जागेश्वरराव म्हणाले. पण कागदपत्रांच्या बाबतीत भुतं काटेकोर नसावीत, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. सुभद्राबाईंनी मीठमिरची ओवाळली. मिरच्यांच्या ठसक्यानं सगळं घर खोकत बाहेर आलं, फुटाणाही आला, आणि बाहेर अंगणात तो अगदी छान राहिला. बापूजी म्हणाले, पाहा, उतरलं. आत जाऊन कूलरसमोर बसल्याबरोबर फुटाण्यानं पुन्हा हवा चावली. बापूजी म्हणाले, जबर आहे.

मग समोरच्या घरातली नंदिनी वासनिक आली. नंदिनी शाळेत शास्त्र शिकवते आणि भुताखेतांचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी उमटते. तिनं सपाता घातल्या, बापूजींकडे पाहिलं, ओवाळलेल्या मिरच्यांकडे पाहिलं आणि फोन काढला.

"काकाजी, हे न्यूरोलॉजिकल आहे."

त्या शब्दासरशी सुभद्राबाईंनी फुटाण्याला जवळ ओढलं. भूत परवडलं असतं. भुताला घराबाहेर काढायचे निदान काही रस्ते असतात. नंदिनीनं वाचून दाखवलं की काही कुत्री नसलेल्या माश्या पकडतात, भिंतीकडे पाहत राहतात, एखादा पाय आखडतो, आणि याचं मूळ मेंदूत असू शकतं. फुटाण्याच्या डोक्याकडे सगळ्यांनी पाहिलं. जागेश्वररावांच्या मुठीत मावेल एवढं डोकं. त्यात मेंदू असणार केवढा, आणि त्यातही बिघाड!

दामिनीला फोन गेला. तो सुभद्राबाईंनी रडत केला, त्यामुळे दामिनीला आधी वाटलं बाबांना काही झालं. फुटाण्याला झालंय हे कळल्यावर ती अधिकच घाबरली.

"बाबा, मी रविवारी येऊन राहिली. त्याले पुण्याले घेऊन जातो. इथं मोठे डॉक्टर आहेत. तुमच्याच्यानं नाही होणार."

"ने न," जागेश्वरराव म्हणाले. "माझ्या डोक्याचा ताप जाईन."

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की फुटाणा जायला नको आहे. खरं तर ते सुभद्राबाईंना सांगायला हवं होतं. पण रोज म्हणायचं वाक्य एकदा खरं व्हायला लागलं की ते मागे कसं घ्यायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त ठरवलं की रविवारच्या आत या कुत्र्याला बरं करायचं. बरं कुत्रं कोणी पुण्याला नेत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑटो करून सगळे सदरला, जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाले. फुटाणा ओल्या पंच्यात गुंडाळून जागेश्वररावांच्या मांडीवर, सुभद्राबाईंच्या हातात पाण्याची बाटली आणि कांदा. ऑटोवाल्यानं आरशातून पाहून विचारलं, "लू लगी क्या?" जागेश्वररावांनी मान उंचावून सांगितलं, "न्यूरोलॉजिकल है." ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवणं बंद केलं.

डॉक्टर प्रशिक मेश्राम तरुण, शांत आणि दोन बोटांनी मांजराचं तोंड उघडणारे होते. त्यांच्या एसी असलेल्या खोलीत फुटाण्यानं जे काही करून दाखवलं त्याला तोड नव्हती. डॉक्टरांनी त्याचा पंजा उलटा ठेवला, त्यानं तो लगेच सुलटा केला. डोळ्यांत बॅटरी मारली, डोळे मिटले. कापसाचा बोळा समोर टाकला, मानेनं त्याचा पाठलाग केला. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय टुणकन उडाला. शेवटी डॉक्टरांनी त्याला फरशीवर चालवलं तर तो परेडला आल्यासारखा चालला. तब्येतीची तक्रार घेऊन आपण एवढ्या उन्हात आलो आणि पेशंट असा, याची जागेश्वररावांना लाज वाटली. नोकरीत अशाच तक्रारी यायच्या. मीटर धावतो म्हणून माणूस खिडकीवर बोंबलायचा, आणि इन्स्पेक्टर दारात उभा राहिला की मीटर एकदम सज्जन.

"कुठं होते हे? एका ठरावीक जागी का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हॉलमध्ये. पण आम्ही सारेच हॉलमध्ये असतो. कूलर एकच आहे."

"नेमकं काय करतो ते सांगता येईल का?"

जागेश्वररावांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, नीट लक्षात येत नाही, करून दाखवा.

आता काय करावं? एक निवृत्त माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. पण रविवार जवळ येत होता. जागेश्वररावांनी डावा हात वर धरला, झटकला, हवेचा चावा घेतला आणि मान तिरकी करून भिंतीकडे पाहिलं.

"तसं नाही वं बाई!" सुभद्राबाई मध्येच म्हणाल्या. घाईत त्या कोणाला काय म्हणतात याचं त्यांना भान राहत नाही. "मान इतकी नाही. अन् आधी पाय झटकते, मंग चावते. तुम्ही सोबतच केलं."

त्यांनी पुन्हा केलं. डॉक्टरांनी विचारलं, चावताना आवाज करतो का? त्यांनी आवाजासकट केलं. खोलीचं दार काचेचं होतं हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं जेव्हा बाहेरच्या बाकावरच्या एका बाईनं आपल्या मांडीवरच्या मांजराचे डोळे झाकले.

"काकाजी," डॉक्टर म्हणाले, "तपासणीत काही सापडत नाही. हे झटके असले तर गोळ्या सुरू करा लागतीन, अन् त्या गोळ्या एकदा सुरू केल्या की मनानं बंद करता येत नाही. तसं मी अंदाजानं देणार नाही. मले व्हिडिओ पाहिजे. होते तेव्हाचा."

व्हिडिओ! त्यात काय मोठं? असं वाटतं. पण ज्यानं कुत्र्याची वाट पाहत फोन धरून बसायचा प्रयत्न केला आहे त्यालाच त्यातली मेख कळेल.

त्या दुपारी पहिली अडचण आली ती आवाजाची. परात्यांचा कूलर पत्र्याचा, चाकांच्या लोखंडी स्टँडवर उभा केलेला, आणि तो चालू झाला की हॉलमध्ये माणसं ओठांच्या हालचालींवर बोलतात. नमुना म्हणून घेतलेल्या व्हिडिओत नुसती घरघर ऐकू आली. फुटाणा कण्हतो की नाही हे डॉक्टरांना कळणार कसं? म्हणून जागेश्वररावांनी हुकूम दिला, चित्रीकरणाच्या वेळी कूलर बंद.

कूलर बंद झाला. हॉलची भट्टी झाली. सोफ्यावर बापूजी, खुर्चीत नंदिनी, दाराशी सुभद्राबाई, सगळे सपाता घालून, घामानं निथळत, फुटाण्याकडे पाहत बसले. जागेश्वररावांचा फोन धरलेला हात भरून आला. फुटाणा खूश होता. एवढी माणसं आपल्याला पाहायला आलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. त्यानं शेकहँड केला. लोळून दाखवलं. बापूजींच्या सपातेवर हनुवटी ठेवून झोप काढली.

"याले काही नाही झालं," बापूजी पदराचा पंखा करायला पदर नसल्यामुळे पेपरनं वारा घेत म्हणाले. "झालं तर आपल्यालेच होईन."

शेवटी सगळे उठले, कूलर सुरू झाला, मंडळी दाराशी सपाता काढतात न काढतात तोच आतून कचकन चावा घेतल्याचा आवाज आला. धावत आत जाईपर्यंत फुटाणा भिंतीकडे पाहत उभा. पुढच्या दिवशी हेच. त्याच्या पुढच्या दिवशीही हेच. जागेश्वररावांचा आता पक्का समज झाला की कुत्रं हे आपल्याला खाली पाहायला लावण्यासाठी करतंय. पण मग ते अन्न काहून सोडतंय? फुटाणा वाळत चालला होता. शनिवारी सकाळी फिरायला नेला तेव्हा तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि बसला. जागेश्वररावांनी त्याला उचलून घरी आणलं. डोक्याला ताप असल्याचं रोजचं वाक्य त्यांना त्या दिवशी आठवलं नाही.

दुपारी दामिनीचा फोन आला. रात्रीच्या गाडीनं ती निघणार होती.

"बाबा, तुम्ही उभं राहून शूट करून राहिले. त्याच्या लेव्हलले जा. खाली झोपा. अन् कूलर कायले बंद करता? आवाज येते तर येऊ द्या. गरमीनं मरून जाईन तो!"

हा शेवटचा प्रयत्न. जागेश्वररावांनी शर्ट काढला आणि बनियन-पायजम्यावर ते फरशीवर पालथे पडले. पालथं पडताना सपाता पायातून निसटल्या. कूलर घरघरत होता, त्याच्या गवताच्या ताटीतून ठिबकलेलं पाणी समोर पसरलं होतं, आणि फुटाणा त्याच्या कडेशी बसून मालकाच्या या नव्या उंचीकडे काळजीनं पाहत होता. आपल्या नवऱ्याला फोनचं बटण नीट दाबता येत नाही याची खात्री असल्यामुळे सुभद्राबाई मागे उभ्या राहून स्वतःच्या फोनवर वेगळा व्हिडिओ घेत होत्या.

"थोडं समोर सरका. तुमच्या अंगामुळं तो दिसूनच नाही राहिला."

जागेश्वरराव कोपरांवर पुढे सरकले. डावं कोपर ओल्यात टेकलं. अजून जरा. आधारासाठी म्हणून त्यांनी त्याच हातानं कूलरचा लोखंडी स्टँड धरला.

पुढे जे झालं ते क्रमानं झालं. जागेश्वररावांचा डावा हात वर उडाला. झटकला गेला. तोंड वासलं आणि हवेचा असा चावा घेतला गेला की कवळी वाजली. मग मान तिरकी करून ते समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. या वेळी क्रमात काही चूक नव्हती.

"बाप्पा! अगदी असंच!" सुभद्राबाई आनंदानं ओरडल्या. "असंच करते तो!"

"बंद कर," जागेश्वरराव भिंतीकडे पाहत म्हणाले.

"व्हिडिओ?"

"कूलर!"

कूलर थांबला. हॉल शांत झाला. जागेश्वरराव सावकाश उठून बसले आणि त्यांनी फुटाण्याकडे पाहिलं. फुटाण्यानं शेपटी एकदा हलवली.

झालं होतं ते एवढंच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कूलर काढला तेव्हा पंपाच्या वायरीला जागेश्वररावांनी स्वतःच्या हातानं जोड दिला होता. प्लगची तिसरी जाड पिन बोर्डात जाईना, तीही त्यांनीच पकडीनं उपटून टाकली होती. दोन पिनांवर चालतं तर तिसरी कशाला? तिसरी पिन कशाला असते हे विजेच्या बिलावर कुठे लिहिलेलं नसतं. जोडावरची पट्टी पाण्यानं सुटली, वीज कूलरच्या अंगात उतरली, आणि घरात आलंगेलं प्रत्येक माणूस, भूत शोधणारं असो की मेंदू शोधणारं, कायद्याप्रमाणे रबरी सपाता घालून वावरत होतं. कोणालाच काही कळलं नाही. घरात अनवाणी फक्त फुटाणा होता. आणि चित्रीकरणाला कूलर बंद ठेवला की तो बरा होणारच होता.

जागेश्वररावांना आधी हसू आलं. मग त्यांची नजर सुभद्राबाईंच्या पायांकडे गेली. रोज पाइप धरून कूलरमध्ये पाणी त्याच भरत. त्यांची डावी सपाता अंगठ्याखाली इतकी झिजली होती की खालची फरशी दिसायला थोडंच बाकी होतं.

"सुभद्रा, त्या चपला फेक."

"काहून? चांगल्या आहेत न अजून."

"फेक म्हणतो न!" ते ओरडले, आणि मग त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दिवसाढवळ्या, दार उघडं असताना, हे त्या घरात पूर्वी झाल्याचं सुभद्राबाईंना आठवेना. त्यांना वाटलं, झटका अजून ओसरला नाही.

तो हात धरला जाण्याआधीच सुभद्राबाईंनी एक काम उरकलं होतं. व्हिडिओ डॉक्टरांना पाठवला होता, आणि बापूजींनी बजावून सांगितलं होतं म्हणून लेआउटच्या ग्रुपवरही. वर लिहिलं होतं: 'आज झालं.' फुटाणा त्यात कुठेच नव्हता. जागेश्वररावांचा देह आडवा असल्यामुळे तो दिसण्याची सोय नव्हती. दिसत होते ते फक्त जागेश्वरराव, सुरुवातीपासून चाव्यापर्यंत.

पहिला फोन डॉक्टर प्रशिक यांचा. "काकाजी, कुत्रा तर दिसला नाही. पण तुमचं जे झालं ते... म्हणजे माझ्याकडं माणसं येत नाहीत, तरी मी म्हणतो, आजच कोणाले दाखवा." मग बापूजी नारळपाणी घेऊन आले. मग नंदिनी आली, रामदासपेठेतल्या एका मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर घेऊनच. दोघांनी त्यांना दिवाणावर आडवं केलं. बापूजींनी डोक्यावर हात ठेवून विचारलं, "मले ओळखतं का गा?"

जागेश्वररावांपुढे दोन रस्ते होते. मेंदूत बिघाड आहे म्हणायचं, किंवा कूलरमध्ये बिघाड आहे आणि तो मी केला म्हणायचं. पहिल्यात मान होता. लोक हळू बोलत होते, नारळपाणी गार होतं, आणि लाइनीतले पराते साहेब म्हणून असलेली सगळी अब्रू शाबूत राहत होती. ते अर्धं नारळपाणी होईपर्यंत आजारी राहिले.

मग बापूजी उठले. "येतो मी. आमची म्हातारी फरशी धुऊन राहिली असन, तिले सांगतो जागेश्वर शुद्धीवर आहे. अन् तुह्या हातचा तो प्लग मस्त चालून राहिला बरं का, दोन पिनाचा."

जागेश्वरराव ताडकन उठून बसले. बापूजींचा कूलर त्यांनीच लावून दिला होता. नंदिनीचाही. आणि त्या कोपऱ्यावरच्या घराचाही, आणि किराणावाल्याचाही.

"बापूजी, पळा! कूलर बंद करा!"

"काहून?"

"मले मेंदूचं काही नाही झालं! मले करंट लागला! माझ्याच कूलरचा! मले विजेतलं काही समजत नाही बापूजी, मी बिलं पाहत होतो!"

ते अनवाणीच बाहेर धावले. बेसा भागातल्या त्या लेआउटनं पुढचा तासभर जे पाहिलं ते अजून सांगितलं जातं: बनियनवरचे पराते साहेब, भाजणाऱ्या डांबरावर उड्या मारत, एकेका फाटकाशी "बंद करा! बंद करा!" ओरडत, आणि मागे त्यांच्या सपाता हातात घेऊन सुभद्राबाई. चौकातून इलेक्ट्रिशियन आला. त्यानं घरोघरचे प्लग पाहिले आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न विचारला, "ये किसने किया?" प्रत्येक घरी लोकांनी बोट दाखवलं. बापूजींच्या कूलरचाही जोड सुटायच्या बेतात होता. म्हातारी खरोखरच फरशी धुवायला बादली भरून बसली होती. तिनं फुटाण्याला बोलावून दुधाची साय दिली. त्या संध्याकाळी लेआउटभर फुटाण्याचे लाड झाले. जागेश्वररावांना कोणी चहाचंही विचारलं नाही, आणि ते त्यांना वाजवी वाटलं.

रविवारी सकाळी दामिनी आली ती हातात जाळीची टोपली घेऊनच. व्हिडिओ तिनं गाडीत पाहिला होता, बाकीचं नंदिनीनं फोनवर सांगितलं होतं. फुटाणा तिच्या अंगावर उड्या मारत होता. त्याला काही झालेलं नाही हे पाहून ती रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे याले बिमारी नव्हती. तुम्हीच होते. मंग तर मी नेतोच याले."

आजारी कुत्रं नेणार होती, आता बरं कुत्रंही नेणार. सुभद्राबाईंनी फुटाण्याचं ताट, पट्टा, चादरीचा तुकडा सगळं काढून ठेवलं. कूलर दुरुस्त होऊन सुरू होता, तिन्ही पिना लावून.

"पाहा न बाबा," दामिनी म्हणाली, "तो त्या कूलरपाशी जाऊनच नाही राहिला. एवढ्या गरमीत तिकडं दाराशी बसला. या घराचंच भेव घेतलं त्यानं."

हे मात्र जागेश्वररावांना लागलं. ते उठले. कूलरजवळ गेले, त्यांनी हातानं स्टँड चाचपला, आणि मग सगळ्यांदेखत ते त्या गार, ओल्या फरशीवर उताणे पडले.

"ये रे फुटाण्या. काही नाही होत. हे पाहा, मी झोपलो."

फुटाणा दाराशी उभा राहिला. कान मागे गेले. तो कण्हला, दोन पावलं पुढे आला, मागे गेला. मग एकाएकी तो तीरासारखा धावत आला, कूलरवर एकदा भुंकला, आणि त्यानं जागेश्वररावांच्या पायजम्याचा पाय दातात धरला. धरला आणि ओढायला लागला. चारी पाय ओल्या फरशीवर घसरत होते, गळ्यातून गुरगुर निघत होती, आणि ते मुठीएवढं डोकं जागेश्वररावांना कूलरपासून लांब नेण्यासाठी जिवाच्या आकांतानं झटके देत होतं. जागेश्वरराव तसूभरही हलले नाहीत. पायजमा मात्र हलला, नाडीसकट.

जागेश्वररावांना हसू आवरेना. हसता हसता एका हातानं पायजमा धरून, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना ते म्हणाले, "नको नेऊ वं याले, दामिनी. मले करमणार नाही. खरंच सांगतो, मले अजिबात करमणार नाही."

दामिनी ओढणाऱ्या फुटाण्याकडे बघत राहिली. तिनं टोपली पायानं सोफ्याखाली सरकवली.

"नेऊन काय करू बाबा," ती म्हणाली. "याले इथं काम आहे."